दोनच प्रश्न



२०१९ साली आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, तीन महिने राहून आलो. तेथील पहिल्याच रविवारची गोष्ट. मिस्सेला थोडा उशीर झाला म्हणून आम्ही मागच्या एका बाकावर जाऊन बसलो. पहिले वाचन चालू होते. एवढ्यात माझ्या बुटाला काहीतरी मऊ लागले. वाकून पाहतो तो काय, पुढच्या बाकाखाली एक भले मोठे काळे कुत्रे पाय पसरून पडलेले!

खरे सांगतो, मला राग आला. आपल्याकडे पावसाळ्यात एखादे भटके कुत्रे चर्चमध्ये शिरले तर प्रवचन थांबते, चारजण उठतात, कोणीतरी छत्री उगारतो. आणि येथे हे महाशय मिस्सेला हजर! मी मुलीकडे पाहिले. तिने नुसता हात दाबला आणि ‘नंतर सांगते’ अशी खूण केली.

सांगण्याची गरजच पडली नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची वेळ झाली तेव्हा पुढच्या बाकावरील साठीच्या बाई उठल्या. त्यांनी डावा हात खाली नेला, कुत्र्याच्या पाठीवरील पट्ट्याची ताठ मूठ धरली आणि त्या रांगेत चालू लागल्या. त्यांना दिसत नव्हते. कुत्रे त्यांच्या डाव्या अंगाला, त्यांच्या पावलाला पाऊल मिळवून चालले होते. वेदीसमोर ते थांबले, बाईही थांबल्या. परत येताना एका लहान मुलाने कुत्र्याला हात लावायला पुढे केला तेव्हा त्याच्या आईने तो हळूच मागे घेतला आणि कानात काहीतरी सांगितले. पुढे कळले, तेथील मुलांना हे घरीच शिकवतात. मूठ धरलेली असेपर्यंत कुत्रे कामावर असते, त्याला गोंजारायचे नाही, खायला द्यायचे नाही. आपण चालत्या बसच्या चालकाच्या गळ्यात हात टाकतो का?

त्या दिवसापासून मी या विषयामागे लागलो. निवृत्त शिक्षकाला तीन महिने दुसरे काम तरी काय असणार? जे वाचले, पाहिले आणि एका प्रसंगी जे मला सोसावे लागले, ते आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांचे डोळे गेले. त्यांच्यासाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग गावी १९१६ साली अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. अमेरिकेत हे लोण आणणारा तरुण म्हणजे टेनेसी राज्यातील मॉरिस फ्रँक. त्याचा एक डोळा लहानपणी अपघातात गेला, दुसरा सोळाव्या वर्षी मुष्टियुद्धात. १९२७ साली डोरोथी युस्टिस या स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या अमेरिकन बाईंचा जर्मनीतील त्या कुत्र्यांवरचा लेख एका साप्ताहिकात आला. तो वडिलांनी फ्रँकला वाचून दाखवला. त्याने बाईंना पत्र लिहिले आणि पुढच्या वर्षी जहाजाने निघाला. त्या प्रवासात आपल्याला माणसासारखे न वागवता एखाद्या पार्सलासारखे नेण्यात आले, कोठे जाऊ म्हणून देत नसत, असे तो पुढे सांगत असे. परत येताना मात्र त्याच्यासोबत बडी नावाची जर्मन शेफर्ड जातीची मादी होती आणि न्यू यॉर्कच्या गजबजलेल्या रस्त्यातून वार्ताहरांसमक्ष त्या दोघांनी वाट काढली. जानेवारी १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. आज ती न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे आहे. त्या गावच्या पदपथांवर शिकाऊ कुत्री आणि त्यांचे शिक्षक दिसतात. मी पाहिली आहेत.

एक गैरसमज माझाही होता, तो दूर करतो. कुत्र्याला वाट माहीत नसते. वाट माणसाला माहीत असते. कोठे वळायचे, किती गल्ल्या ओलांडायच्या हे माणूस ठरवतो आणि हुकूम देतो. सिग्नलचा लाल-हिरवा रंगही कुत्रे वाचत नाही. रहदारीचा आवाज ऐकून कधी निघायचे तेही माणूसच सांगतो. कुत्र्याचे काम खड्डा, खांब, पायरी टाळण्याचे. आणि आणखी एक काम आहे, जे शिकवायला सर्वांत अवघड. माणसाने ‘चल’ म्हटले आणि समोरून गाडी येत असली तर कुत्र्याने ऐकायचे नाही. जागचे हलायचे नाही. आज्ञाधारकपणाच्या इतक्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, पण प्रेमापोटी आज्ञा मोडण्याची ही गोष्ट मला एका कुत्र्याकडून ऐकावी लागली.

परंतु कुत्रे शिकले म्हणून जग शिकत नाही. फ्रँक आणि बडी यांचे पुढचे आयुष्य हॉटेलवाले, खाणावळवाले आणि रेल्वेवाले यांच्याशी हुज्जत घालण्यात गेले. ‘तुम्ही या, कुत्रे बाहेर’ असे दारात सांगत. म्हणजे ‘तुम्ही या, तुमचे डोळे बाहेर ठेवा’ असेच झाले. हळूहळू एकेका राज्याने कायदे केले. १९६६ साली जेकोबस टेनब्रोक नावाच्या प्राध्यापकांनी, जे स्वतः अंध होते, एक मोठा लेख लिहून प्रश्नाला वेगळेच वळण दिले. त्याच्या शीर्षकातच त्यांनी जगात वावरण्याचा हक्क असा शब्दप्रयोग केला. अंधाला कोणी चांगले सांभाळते की नाही हा त्यांचा विषयच नव्हता. रस्ता, दुकान, गाडी ही त्याचीही आहेत की नाहीत, एवढेच त्यांचे विचारणे होते. अखेर २६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, यांनी दिव्यांगांसंबंधीच्या देशव्यापी कायद्यावर सही केली.

या कायद्याखालील नियम २०१० साली सुधारले गेले आणि मार्च २०११ पासून लागू झाले. ते वाचताना मी चकित झालो. मदतनीस प्राणी म्हणजे कुत्रा, आणि तो त्या व्यक्तीच्या दिव्यांगत्वाशी संबंधित काही ठरावीक काम शिकलेला असला पाहिजे. आंधळ्याला वाट दाखवणे, बहिऱ्याला दाराची घंटा वाजल्याचे कळवणे, फिट येणाऱ्याला जपणे, युद्धावरून आलेल्या सैनिकाला भयंकर स्वप्नातून जागे करणे. (लहान चणीच्या घोड्यांसाठीही वेगळी तरतूद आहे! मलाही हसू आले. पण घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, आणि काहींना कुत्र्याची ॲलर्जी असते.) तर असा कुत्रा घेऊन कोणी दुकानात, हॉटेलात, इस्पितळात आला आणि कुत्र्याचे काम उघड दिसत नसले तर दारावरचा माणूस फक्त दोन प्रश्न विचारू शकतो. दिव्यांगत्वामुळे या कुत्र्याची गरज आहे का? आणि त्याला कोणते काम शिकवले आहे?

बस्स, दोनच. तुम्हाला काय आजार आहे, हे विचारायचे नाही. दाखला मागायचा नाही. काम करून दाखवा म्हणायचे नाही. जादा पैसे घ्यायचे नाहीत. कुत्र्याच्या अंगावर विशिष्ट जाकीट असण्याचीही सक्ती नाही. मालकाने स्वतः घरी शिकवले असले तरी चालते. कुत्रे आवरत नसेल किंवा घाण करीत असेल तर त्याला बाहेर न्यायला सांगता येते. मात्र माणसाला तेव्हाही परत पाठवायचे नाही.

मी जावयाला म्हटले, “अरे, मग उद्या कोणीही उठेल आणि खोटे बोलेल!”

हा प्रश्न मला सुचला याचे कारण उघड आहे. आपण दाखल्यांच्या देशात वाढलो. जिवंत असल्याचाही दाखला पेन्शनसाठी दर वर्षी द्यावा लागतो. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्याने पुष्कळ चांगल्या गोष्टी दिल्या. परंतु बहुतेक सवलतींच्या दारात चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र उभे आहे. ते मिळवण्यासाठी लंगडत्या माणसाने सरकारी इस्पितळाचे किती जिने चढायचे, हे ज्यांच्या घरी तशी व्यक्ती आहे त्यांना विचारा. आणि इतके करूनही खोटे दाखले निघतातच. तेव्हा दाखल्याने लबाडी थांबते असे म्हणावे, तर तेही खरे नाही. दाखल्याने एवढे मात्र निश्चित होते की प्रामाणिक माणसाला प्रत्येक दारात आपले व्यंग सर्वांसमोर काढून दाखवावे लागते. तुम्ही-आम्ही बेकरीत पाव घ्यायला जातो तेव्हा आपण कोण, आपल्याला काय झाले आहे, हे कोणी विचारते का? मग त्या बाईंनाच का विचारावे? अमेरिकेचा कायदा त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो. असा विश्वास ठेवणे म्हणजे समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानणे, असे मला वाटते.

आता तो प्रसंग. लिहू की नको, असा बराच विचार केला.

मुलीच्या घरी एक कुत्रे आहे. गोड आहे, पण आंडदांड. त्याच वर्षी आम्ही सर्वजण विमानाने फ्लोरिडाला निघालो. विमानप्रवासाचा कायदा वेगळा आहे, १९८६ चा. त्याखाली त्या काळी मानसिक आधारासाठी पाळलेल्या प्राण्यालाही, तो काही शिकलेला नसला तरी, पत्र दाखवून केबिनमध्ये फुकट नेता येत असे. जावयाने इंटरनेटवर एक प्रश्नावली भरली, काही डॉलर भरले आणि पत्र आले. घरात कोणालाही मानसिक आजार नव्हता. एवढ्या मोठ्या कुत्र्याला केबिनमध्ये एरवी घेतलेच नसते आणि सामानाच्या कप्प्यात पाठवायला मुलीचा जीव होत नव्हता, एवढाच तो आजार. मी काय केले? मी हसलो. “डोके आहे हो तुम्हाला!” असे वर म्हटलेही.

विमानतळावर रांगेत आमच्यापुढे एक अंध गृहस्थ होते, त्यांचा कुत्रा पायाशी बसलेला. आमच्या कुत्र्याने त्याला पाहिले आणि भुंकत, गुरगुरत त्याच्या अंगावर धाव घेतली. पट्टा हातात होता म्हणून चावले नाही. त्या गृहस्थांचा कुत्रा उठून उभा राहिला, थरथरत मालकाच्या पायांमागे गेला. गृहस्थ चारी दिशांना तोंड वळवत राहिले. काय झाले, कोठून झाले, त्यांना कळेना. मग त्यांनी शांतपणे विचारले, “तुमचा कामाचा कुत्रा आहे का?” जावई म्हणाला, “हो.” त्या गृहस्थांनी मान हलवली. त्यांना दिसत नव्हते, त्यामुळे मी बाजूलाच उभा आहे आणि माझी मान खाली गेली आहे, हेही त्यांना कळले नाही.

असा हल्ला झालेला कुत्रा कधीकधी कायमचा धास्तावतो, हे मी पुढे वाचले. दुसरे कुत्रे दिसले की तो लक्ष हरवून बसतो आणि मग त्याला निवृत्त करावे लागते. दोन-दोन वर्षे खपून तयार केलेले डोळे असे जातात. त्या गृहस्थांच्या कुत्र्याचे पुढे काय झाले, मला माहीत नाही.

आठव्या आज्ञेबद्दल आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो ते बहुतेक शेजाऱ्यावर खोटा आळ घेण्याविषयी. पण आम्ही कोणावर आळ घेतला नव्हता, कोणाचे काही चोरले नव्हते. विमान कंपनीचे थोडे भाडे बुडाले असेल, आणि कंपन्यांविषयी कोणाला कळवळा येतो? मला वाटत होते की हे खोटे हवेत सोडलेले खोटे आहे, कोणालाच लागणार नाही. त्याची किंमत कोण देणार, हे रांगेत माझ्यापुढेच उभे होते.

त्यांच्यासारख्या सर्वांनी ती किंमत पुढे दिलीही. २०१८ च्या जानेवारीत तर न्यूअर्क विमानतळावर एक बाई मानसिक आधाराचा प्राणी म्हणून चक्क मोर घेऊन आल्या होत्या आणि कंपनीने तो नाकारला, ही बातमी जगभर गाजली. लोक हसले. पण असे प्रकार वाढत गेले, आणि जानेवारी २०२१ पासून तेथील वाहतूक खात्याचा नवा नियम लागू झाला. मानसिक आधाराच्या प्राण्यांना खास प्रवासी मानण्याचे बंधन विमान कंपन्यांवर आता राहिले नाही. हे योग्यच झाले, असे तुम्ही म्हणाल. पण त्याच नियमाने कंपन्यांना आणखी एक मुभा दिली. खऱ्याखुऱ्या शिकलेल्या कुत्र्याच्या मालकाकडूनही आता कुत्र्याचे आरोग्य, वागणूक आणि शिक्षण यांविषयीचा सरकारी नमुन्यातील अर्ज भरून घेता येतो. म्हणजे जमिनीवर दोन प्रश्न, आकाशात मात्र कागद. ज्यांना दिसत नाही त्यांनी तो कागद भरायचा. तो त्यांच्या हाती आमच्यासारख्यांनी दिला.

फ्लोरिडात तर २०१५ पासून, आपले कुत्रे खोटेच मदतनीस म्हणून मिरवणाऱ्याला शिक्षा आहे. दिव्यांगांची सेवा करणाऱ्या संस्थेत तीस तास काम करायचे. ही शिक्षा ज्याने सुचवली त्याला माणसे कळत असावीत.

फार लांबची गोष्ट वाटते का? आपल्या विरार लोकलमधील दिव्यांगांचा राखीव डबा आठवा. सकाळच्या गर्दीत त्या डब्यात धडधाकट माणसे किती असतात? “कोण विचारतंय, चढा!” हे वाक्य मी वसई रोडच्या फलाटावर शेकडो वेळा ऐकले आहे. एकदा, गुडघा दुखतो आहे अशी मनाची समजूत घालून, मीही चढलो आहे. मग कधीतरी तपासणी होते. धडधाकट माणूस दंड भरून सुटतो. आणि ज्याचे व्यंग डोळ्यांना दिसत नाही, उदाहरणार्थ कॅन्सरचे औषध घेऊन परतणारी एखादी तरुण मुलगी, तिच्याकडे सगळा डबा संशयाने पाहू लागतो. ‘ही कशाला चढली?’ तिला तो संशय कोणी दिला?

या विषयात मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते मिशिगन राज्यातील एका शाळेच्या खटल्याने. पाच वर्षांची एक मुलगी, सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय नीट न चालणारी. तिच्यासाठी एक कुत्रा शिकवला गेला. पडलेली वस्तू उचलून देणे, दार उघडणे, दिवा लावणे, शौचालयात जाताना आधार देणे ही त्याची कामे. शाळेने कुत्रा घेण्यास नकार दिला. शाळा दुष्ट नव्हती. शाळेने म्हटले, आम्ही मुलीला मदत करायला एक माणूस दिला आहे, मग कुत्रा कशाला हवा?

मी शिक्षक होतो. माझ्याकडे तो अर्ज आला असता तर मीही हेच उत्तर लिहिले असते, आणि स्वतःला दयाळू समजलो असतो. पण सरकारी चौकशी कचेरीने उत्तर दिले ते असे की, हे म्हणजे चाकाच्या खुर्चीवरील मुलाला खुर्ची नको, आम्ही तुला उचलून नेऊ, असे सांगण्यासारखे आहे. अंध मुलाला काठी आणि कुत्रा नको, शिक्षक हात धरून नेतील, असे सांगण्यासारखे आहे. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकाल लिहिला आणि सर्व न्यायमूर्ती एकमताचे होते. त्यांनी मुलीला भरपाई वगैरे दिली नाही, प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले. मात्र त्यांनी सांगितलेली कसोटी साधी होती. हीच तक्रार एखाद्या सार्वजनिक वाचनालयाविरुद्ध करता आली असती का? शाळेत पाहुणा म्हणून आलेल्या प्रौढ माणसाला ती करता आली असती का? करता आली असती, तर भांडण बहुधा शिक्षणाचे नाही, दारातून आत येण्याचे आहे.

मदत करणारा हात आणि आपल्या पायांनी जाणे, या दोन गोष्टी एक नाहीत. आपण ख्रिस्ती लोक सेवेला फार मोठे मानतो, आणि ते योग्यच आहे. पण आपण सेवा करावी म्हणून समोरच्याने जन्मभर सेवा घेत बसावे, अशी तर आपली सुप्त इच्छा नसते ना? बार्तिमयला प्रभूने दृष्टी दिली तेव्हा तो घरी जाऊन बसला नाही, प्रभूमागे वाटेने चालू लागला. पण त्याआधी प्रभूने त्याला काय हवे ते विचारले होते. हे विचारणे आपण बहुधा विसरतो.

सर्वच बाबतीत मला हा कायदा सोपा वाटतो असे नाही. कुत्र्याची भीती किंवा ॲलर्जी हे नकार देण्याचे कारण होऊ शकत नाही, असे नियम सांगतो. दोघांची सोय करावी, एकाला खोलीच्या या टोकाला बसवावे, दुसऱ्याला त्या. लहानपणी कुत्रे चावून चौदा इंजेक्शने घेतलेल्या माणसाला हे सांगून पाहा! आपल्या पिढीत तशी माणसे घराघरात आहेत. त्या भीतीलाही मान द्यायला हवा. तरीही मी विचार करतो तेव्हा असे दिसते की भित्र्या माणसाला दुसऱ्या बाकावर बसता येते, अंध माणसाला दुसरे डोळे आणता येत नाहीत.

आता पुन्हा त्या पहिल्या रविवारकडे येतो. परत निघण्यापूर्वी मी तेथील फादरांना म्हटले, “तुमच्याकडचा कायदा फार चांगला, चर्चलासुद्धा कुत्रे आत घ्यावे लागते.” ते हसले. म्हणाले, “आम्हाला तो कायदा लागूच नाही.” मला वाटले थट्टा करतात. घरी येऊन वाचले तर खरेच! धार्मिक संस्था आणि प्रार्थनास्थळे यांना त्या कायद्यातून वगळले आहे. सिनेमागृहाने, दारूच्या गुत्त्याने त्या बाईंना कुत्र्यासह आत घेतलेच पाहिजे. चर्चने नाही घेतले तरी या कायद्याने त्याला कोणी विचारणार नाही. धर्माच्या कारभारात सरकारने ढवळाढवळ करू नये हा त्यामागील विचार मला समजतो, आणि त्याविरुद्ध मी नाही. पण याचा अर्थ असा झाला की त्या काळ्या कुत्र्याला बाकाखाली जागा कोणत्याही कलमाने दिली नव्हती. कोणीतरी, कधीतरी, ठरवले होते. बायबलमध्ये तोबितचा मुलगा प्रवासाला निघतो तेव्हा सोबत देवदूत असतो आणि मागून घरचे कुत्रेही जाते. तोबित स्वतः अंध होता. ते कुत्रे त्या ग्रंथात काही काम करीत नाही, नुसते जाते आणि परत येते. लिहिणाऱ्याने त्याला का ठेवले असेल, हे मला त्या बाईंना पाहिल्यावर थोडे कळले.

आपल्या गावात असा शिकलेला कुत्रा कोणाकडे नाही. असता तरी आपल्या गल्ल्यांतील भटक्या टोळीपुढे तो आठवडाभर टिकला नसता. पण कुत्रा नसला तरी खालच्या आळीतील काका आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला सात-आठ वर्षे झाली. नातू हात धरून पहिल्या मिस्सेला आणायचा. तो शिकायला कॅनडाला गेला. आता सुनेला सवड झाली तर ती स्कूटरवर आणते, नाहीतर काका टीव्हीवर मिस्सा ऐकतात. आपण सर्वजण म्हणतो, कोणीतरी त्यांना आणायला हवे. मीही म्हणत होतो.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि बार्तिमयची गोष्ट मनात असल्यामुळे म्हणा, विचारले, “काका, तुम्हाला काय हवं?” ते म्हणाले, “मला एकट्याला यायचंय. घर ते चर्च सगळी वाट पाठ आहे. पांढरी काठी आहे. पण रविवारी तुम्ही लोक चर्चच्या भिंतीला लागून स्कूटरी लावता. काठी भिंतीला लागत नाही, मग मी रस्त्याच्या मध्ये जातो. दोनदा पडलो. कोणाला सांगितलं नाही.”

त्या स्कूटरींमध्ये एक माझीही असते.

तरी येत्या रविवारपासून, निदान पहिल्या मिस्सेच्या वेळी, फाटकापासून विहिरीपर्यंतची भिंतीलगतची जागा मोकळी ठेवावी, अशी सर्वांना विनंती आहे. गाड्या शाळेच्या मैदानात लावता येतील.